चार खाचरांची वाकळ

चाळीस वर्षं मी वाकळा शिवल्या आणि त्यातली एकच परत आली. बाकीच्या कुणाच्या उसवल्या असतील, कुणाच्या उंदरानं कातरल्या असतील, पण "ही घ्या तुमची वाकळ" म्हणत माझ्या दारात कुणी उभं राहिलं नव्हतं. या एका गोष्टीचा मला गर्व होता. तो कसा गेला ते लिहा, असं अंकवाल्या ताई फोनवर म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मला लिहिता येतं ते सुईनं. त्या म्हणाल्या, पेनालाही टोक असतंच की. म्हणून लिहायला बसले. चुकलं तर उसवून घ्या.

वाकळ म्हणजे तुमची गोधडी. आमच्या कानडी शेजारणी तिलाच कौदी म्हणतात. उळवीच्या जत्रेत मी झाडाखाली वाकळा पसरून बसायची तेव्हा सकाळपासून एकाच वाकळीला तीन नावांनी हाका यायच्या. कुणी कशीही हाक मारली तरी मी ओ द्यायची. माझं माहेर खानापूरकडचं, सासर इथं जोयडा तालुक्यात, रामनगरच्या अलीकडच्या वाडीत. इथं घरात मराठी, बाजारात कोकणी, कचेरीत कानडी आणि रागावल्यावर तिन्ही.

शाळेत मी दुसरीपर्यंत गेले, तीही कानडी. मराठी अक्षरं मला बाळांनी शिकवली. बारशाचं दुपटं शिवायला लोक यायचे आणि कागदावर बाळाचं नाव लिहून द्यायचे, हे मधोमध काढा म्हणायचे. मी ते चित्र समजून काढायची. गणेश काढला, गौरी काढली, दोन्हीकडं तीच एक दांडी दिसली, मग कळलं की हा 'ग'. अशी वळत वळत सगळी अक्षरं आली. फक्त 'ढ' मला अजून नीट येत नाही, कारण ढ वरून कुणी बाळाचं नाव ठेवत नाही.

आता वाकळ कशी शिवतात ते थोडक्यात सांगते, कारण पुढचा घोटाळा त्यातूनच झाला. जुनी लुगडी, धोतरं, सदरे, जे घरात मऊ झालेलं असेल ते थरावर थर घालायचं. वर रंगीत तुकडे लावायचे. मग काठापासून धावदोरा घालायला सुरुवात करायची आणि वाकळ फिरवत फिरवत, गोल गोल आत यायचं. आपण तिथंच बसायचं, फिरते ती वाकळ. चारी कोपऱ्यांना तिकोनी तुकड्यांची फुलं लावायची, नाहीतर वाकळ उघडी दिसते. आणि शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा राहते. तिला आम्ही वाकळीचं पोट म्हणतो. ते शिवून बंद करायच्या आधी त्यात भाकरीचा तुकडा घालायचा. उपाशी वाकळ दिली तर पांघरणाऱ्याला झोपेत भूक लागते, असं माझी सासू सांगायची. सासू स्वतः रोज पहाटे उठून शिंक्यातलं काहीतरी खायची, त्यामुळं तिची वाकळ कुणी शिवली होती ते मी कधी विचारलं नाही.

भाकरी घालणं मी का सोडलं, तेही सांगते. दिग्गीकडचे एक काका पावसाळ्यात आले. म्हणाले, "अक्का, आमच्या म्हशीला हुडहुडी भरतीय. तिला वाकळ पायजे."

"म्हशीला?"

"आता माणसाची आखूड पडती म्हणून तर आलोय."

शिवली मी म्हशीला वाकळ. चार कोपऱ्याला फुलं लावली. म्हैस झाली म्हणून काय उघडी पाठवायची? पोटात नेहमीसारखी नाचणीची भाकरी घातली. तीन दिवसांनी काका पुन्हा दारात. म्हटलं, आली परत. पण त्यांच्या हातात वाकळ नव्हती. म्हशीनं भाकरीचा वास काढून वाकळीचं पोट खाल्लं होतं, वरनं दोन लुगड्यांचे थरही खाल्ले होते आणि ती उठून उभी राहिली होती.

"गुण आला बगा," काका म्हणाले. "आणि एक द्या."

तेव्हापासून मी भाकरी बंद केली आणि पोटात भाताचे पाच दाणे घालू लागले. टरफलासकट, म्हणजे टिकतात. म्हशीच्या नाकाला कळत नाहीत. इथपर्यंत माझं चुकलं असं मला अजून वाटत नाही.

दुसरा एक घोळ नावांचा असायचा. वाकळ फिरवत शिवायची म्हटल्यावर तिला डोकं कुठलं आणि पाय कुठले ते शिवणारीला कळत नाही. एका जावयासाठी नाव घातलेली वाकळ केली, ती अंथरली तर नाव बरोबर पायाशी. त्याच्या सासूबाई फणफणल्या, जावयाच्या नावावर जावयाचेच पाय. शेवटी त्यांनी खाट फिरवली. वाकळ परत आली नाही, हे लक्षात घ्या.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या वाडीपासून चार मैलांवर जंगलात मंजुअण्णाचं पाहुणघर आहे. मंजू वयानं माझ्यापेक्षा लहानच, पण सगळे अण्णा म्हणतात म्हणून मीही म्हणते. त्याच्याकडं बेडकं बघायला माणसं येतात. हसू नका. पाऊस सुरू झाला की आमच्या जंगलात नखाएवढ्या बेडकांपासून बशीएवढ्या बेडकांपर्यंत सगळे ओरडायला लागतात आणि ते ऐकायला लोक समुद्र ओलांडून येतात. आम्ही त्याच आवाजाला वैतागून खिडकी लावतो.

गेल्या जूनच्या सुरुवातीला मंजू जीपमधून दोन पाहुणे घेऊन आला. एक मुलगी, जपानची, नाव हारुको. दुसरा मुलगा, कोरियाचा, नाव मिन्हो. दोघं बेडकांचा अभ्यास करणारे, एकाच बाईंचे विद्यार्थी. मिन्होचा इथला तिसरा पावसाळा, त्यामुळं त्याला मंजूच्या स्वयंपाकघरातली मराठी येत होती. आल्या आल्या म्हणाला, "अक्का, जेवण झालं काय?" आणि उत्तराची वाट न बघता बसला. आपलाच माणूस वाटला.

हारुको गप्प होती. तिनं पिशवीतून दोन सदरे काढले. गडद निळे, जाड, कोपरावर ठिगळं लावलेले. ठिगळाचे टाके बघितले आणि म्हटलं, हे बाईनं लावलेलं नाही, पुरुषानं लावलंय. मंजूनं विचारून सांगितलं, तिच्या वडिलांनी लावलेत. आई लवकर गेली. वडील भाताची शेती करायचे. आता गुडघे गेले म्हणून या वर्षापासून शेत दुसऱ्याला कसायला दिलंय आणि ते दिवसभर खिडकीत बसतात. हे त्यांचे शेतात घालायचे सदरे. तिला त्याची वाकळ करून हवी होती, वडिलांच्या गुडघ्यांवर घालायला. जूनच्या शेवटी बेडकांचं काम संपलं की जुलैत ती परत जाणार, तेव्हा बरोबर न्यायची होती.

"आणि मधी हे काढायचं," मंजू म्हणाला.

तिनं कागदावर काढून दाखवलं. एक चौकोन आणि आत अधिकची खूण. असं: 田.

मी म्हटलं, "हे तर आमचं शेत. चार खाचरं, मधी बांध."

मंजूनं तिला सांगितलं. ती पहिल्यांदा हसली. हे चिनी अक्षर आहे आणि त्याचा अर्थ खरंच शेत, भाताचं शेत. जपानात त्याला 'ता' म्हणतात. कधी 'देन' म्हणतात. तिचं आडनाव मायेदा, त्यात शेवटी हेच अक्षर येतं आणि तिथं ते 'दा' होतं.

ओसरीवर आमचे हे सुपारी कातरत बसले होते. जन्मभर जंगलात मजुरी आणि घरची दोन खाचरं भाताची, त्यामुळं शेताचा विषय निघाला की अडकित्ता थांबतो. म्हणाले, "एका शेताला तीन नावं? उतारा काढायला गेलं तर काय सांगत्यात?"

तेवढ्यात मिन्होनं कागद ओढून घेतला. "अक्का, हे भात न्हाई. हे कोरडं."

"काय कोरडं?"

"शेत कोरडं. पाणी न्हाई. मिरची, मुळा, बटाटा." त्याच्या देशात हेच अक्षर, पण त्याला 'जॉन' म्हणतात आणि त्याचा अर्थ बिनपाण्याचं शेत. अक्षर शिकवताना ते आधी अर्थ सांगतात आणि मग उच्चार. त्यानं म्हणून दाखवलं, "बात, जॉन."

"बगा," आमचे हे म्हणाले, "तोंडानं भात म्हणतंय आणि भात न्हाई म्हणून सांगतंय."

मग त्या दोघांची जुंपली. माझ्या ओसरीवर, माझ्या चटईवर. मिन्हो म्हणाला, भाताचं शेत लिहायचं असेल तर या अक्षराच्या डोक्यावर पाणी लिहावं लागतं, आणि लिहून दाखवलं. त्याला ते 'दाप' म्हणतात. हारुको म्हणाली, असलं अक्षर आमच्याकडं नाहीच, ते तुम्ही घरी केलंय. तिच्याकडं भाताचं शेत साधं लिहितात, आणि कोरडं शेत लिहायचं असेल तर बाजूला आग काढतात, त्याला 'हाताके' म्हणतात. तिनं आग काढून दाखवली. मिन्हो म्हणाला, आणि हे तुम्ही घरी केलंय.

आग बघून आमचे हे उठून आले. "आग कशाला?"

मंजूनं विचारलं. पूर्वी जंगल तोडून, जाळून, त्या राखेत पेरायचे, म्हणून आग.

"अगं, ही कुमरी," आमचे हे म्हणाले. आमच्या डोंगरात पूर्वी हेच करायचे, जाळायचं आणि राखेत नाचणी टाकायची. पुढं बंदी आली. ह्यांच्या आज्ज्यानं केलेली. "आमच्या आज्ज्याला सही येत नव्हती, आणि तो करत होता ते तिकडं लिहून ठेवलंय?" एवढं बोलून ते आग काढलेलं अक्षर खिशात घालून आत गेले. ते अजून देवाच्या फडताळात आहे. त्याला हळदकुंकू लागतं.

तुम्ही म्हणाल, त्यांच्या भांडणाशी तुझा काय संबंध? संबंध होता. मला त्या चार चौकोनांत कापड लावायचं होतं. हारुकोला चारी निळे-हिरवे हवे होते, पाण्यासारखे. मिन्हो म्हणत होता तपकिरी लाव. वाकळ तिची, वडील तिचे, याला काय करायचंय, असं मी मंजूला कानात म्हटलं. मंजू म्हणाला, "अक्का, तीन वर्षं दोघं रोज भांडत्यात. बेडकाचं नाव काय ठिवायचं यावरनं सुदीक." मग मला वेगळाच संशय आला, पण तो मी पोटात ठेवला.

शेवटी दोघांनी फोन लावला त्यांच्या बाईंना. लीनबाई, चीनच्या, केस पांढरे, चष्मा गळ्यात. वर्गावर जायच्या घाईत होत्या. त्यांना मी फोनवर दिसत होते आणि त्या मला. त्यांनी सांगितलं ते मंजूनं असं समजावलं: अक्षर आमचं, आम्ही त्याला 'थ्येन' म्हणतो, माझी आजी दक्षिणेकडची होती, ती 'थिन' म्हणायची, व्हिएतनामात 'दिएन' म्हणतात, पण तिकडं आता हे अक्षर कुणी लिहीत नाही, उच्चार तेवढा उरलाय. अर्थ शेत. ओलं का कोरडं ते आमच्याकडं अक्षर सांगत नाही, ज्याचं त्यानं खाली वाकून बघावं.

"मग रंग कुठला लावू?" मी विचारलं.

बाई हारुकोकडं वळल्या. मग म्हणाल्या, "दोन तुझे, दोन त्याचे. आणि मला वर्गावर जाऊ द्या."

मास्तरीण असावी तर अशी.

शिवायला बसले. काम सुखाचं झालं, कारण या अक्षराला वर-खाली नाही. कुठूनही बघा, शेतच. जावयाच्या नावासारखा घोळ होणार नव्हता. वडिलांच्या सदऱ्याच्या पट्ट्या कापून बांध केले. उरलेला सदरा काठाला लावला, ठिगळं तशीच ठेवली. दोन चौकोन माझ्या निळ्या लुगड्याचे, धुऊन धुऊन कांद्याच्या पापुद्र्यासारखं झालेलं. आणि दोन चौकोन आमच्या ह्यांच्या जुन्या तपकिरी पँटचे, जंगलात काट्यांतून घालायची, जाड, सुई वाकवणारी. बोट दोनदा टोचलं. मिन्होचे दोन चौकोन शिवताना मी मिन्होला काय काय म्हटलं ते त्याला मराठीतलं कळलं नसतं.

मग पोटाशी आले आणि अडले. वाकळीला पोट एक. पण इथं मधोमध चार खाचरं. एकाला खायला घालायचं आणि तिघांना उपाशी ठेवायचं? पंगतीत असं करतो का आपण? म्हटलं चौघांनाही घालू. आणि भाताचं शेत काढलंय तर पाच दाण्यांचा चिमटा कशाला, मूठभर घालू. ह्यांनी बियाण्याची मुडी नुकतीच सोडली होती. मुडी म्हणजे गवतात गुंडाळून बांधलेलं बी. त्यातलं घरचं तांबडं भात चार मुठी घेतलं, सगळ्यात चांगलं. ह्यांनी संध्याकाळी मुडी हातात तोलली आणि म्हणाले, "उंदीर शिरलाय." मी म्हटलं, "व्हय."

पाहुण्यांना मात्र यातलं काही सांगितलं नाही. चाळीस वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. पोटातली गोष्ट ती. सांगायला हवं होतं, हे आता कळतं.

मंजू वाकळ घेऊन गेला तो दिवस असा होता की रस्ता आणि ओढा एकच झालेले. जीपची ताडपत्री एका बाजूनं फाटकी. वाकळ वरून ओली झाली. हारुको त्याच दिवशी पाच दिवसांसाठी आत जंगलात बेडकांच्या मागं निघाली होती. आता या ओलीला बुरशी लागेल म्हणून तिनं काय केलं असेल? प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चुलीच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवर ठेवली. ऊब लागावी म्हणून.

शेतकऱ्याच्या घरातलं पोरसुद्धा सांगेल की बियाण्याला मोड आणायचे असतील तर नेमकं हेच करतात.

सहाव्या दिवशी मंजूची जीप दारात. मंजू उतरला, डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. मागं हारुको, हातात वाकळ, तान्ह्या पोराला धरावं तशी दोन्ही हातांवर आडवी.

"अक्का," मंजू म्हणाला, "तुमची वाकळ उगवलीया."

मी बघितलं. दोन निळ्या चौकोनांतून पिवळट हिरवे अंकुर बोटभर वर आले होते. झिरझिरीत लुगडं ते, एकेका धाग्यामधून वाट काढून बाहेर पडले होते. तपकिरी चौकोनांतून काही नाही, फक्त पँटला फुगे आले होते.

माझी पहिली परत आलेली वाकळ. पण खरं सांगते, तेव्हा मला माझा गर्व आठवला नाही. मला ते सदरे दिसत होते. मुळं आत कुठवर गेली असतील, बांधात शिरली असतील का, कापड कुजलं तर दुसरा सदरा कुठून आणायचा. ती मुलगी आठ दिवसांनी जाणार, आणि बापाकडं शेताचं म्हणून आता एवढंच राहणार. मी तिच्या तोंडाकडं बघायला तयार नव्हते. तिला हात जोडून सगळं सांगितलं, पोटाचं, सासूचं, म्हशीचं. मंजू सांगत होता. म्हशीपाशी त्याला हसू आवरेना आणि त्याचं भाषांतर तिथंच बुडालं.

मिन्हो वाकून वाकळ बघत होता. म्हणाला, "बघा. निळं भात. तपकिरी कोरडं. माझं बरोबर."

हारुकोनं त्याच्याकडं असं बघितलं की मी असते तर घर सोडलं असतं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. मी पुढं झाले तर ती हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत. हसता हसता तिनं बापाला फोन लावला आणि फोन वाकळीवर धरला.

पलीकडं एक म्हातारा, काळा रापलेला, आमच्या ह्यांच्यासारखाच कानात केस असलेला. तो बघत राहिला. मग त्यानं चष्मा चढवला आणि काहीतरी विचारलं.

"किती दिवसांचं, म्हणत्यात," मंजू म्हणाला.

"सहा."

म्हातारा पुन्हा बोलला.

"फार दाट पेरलंय, म्हणत्यात."

हे मात्र मला लागलं. "त्यांना सांग, वाकळीत अंतर मोजून कोण पेरत न्हाई."

तेवढ्यात आमचे हे आले, फोन घेतला, आणि दाट पेरणीवर बोलायला लागले. मराठीत. तो जपानीत. मध्ये मंजू नाही, कुणी नाही. ह्यांनी हातानं पाण्याची उंची दाखवली, त्यानं त्याहून कमी दाखवली, ह्यांनी मान हलवली, त्यानं हलवली नाही. ह्यांनी मूठभर बी फोनसमोर धरलं. मग ह्यांना एकदम काहीतरी उमजलं. माझ्याकडं वळून म्हणाले, "उंदीर व्हय?"

पाव तास चाललं. फोन ठेवताना दोघं एकमेकांकडं बोट करून हसत होते. "काय म्हणाला तो?" मी विचारलं. "म्हणाला, आधी रोपं काढा, वाकळीचं मागनं बगू." हे ह्यांना कसं कळलं ते विचारू नका. हारुको म्हणाली, अगदी हेच म्हणाले.

मग मिन्होनं बेडकांसाठीचा बारीक चिमटा आणला आणि दोघांनी माझ्या ओसरीवर बसून एकेक रोप मुळासकट उपटलं. तेवढा वेळ भांडले नाहीत. आमच्या ह्यांनी तरव्याच्या कोपऱ्यात, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्यात, वीतभर जागा करून दिली. चिखलात पाय घातल्यावर हारुको सरसर लावत गेली, माझ्यापेक्षा नीट. मिन्हो तीनदा बसला.

माझ्याकडं आठ दिवस आणि पावसाळा. पोट उसवलं, निळे तुकडे फेकले, मुळं बांधाच्या पट्ट्यांत जेमतेम शिरली होती, ती सुईनं ओढून काढली. सदऱ्याला काही झालं नव्हतं. जाड कापड, शेतकऱ्याचं. धुऊन चुलीवर टांगली, उलटी, सुलटी, पुन्हा उलटी. घरभर ओल्या गोधडीचा वास आणि आमचे हे वाकळीखालून वाकून जेवायला यायचे. दोन निळे चौकोन नवे लावले, त्याच लुगड्याच्या पदराचे. तपकिरीतलं फुगलेलं भात काढून कोंबड्यांना टाकलं, चौकोन तेच ठेवले. मिन्होनं सांगितलं होतं, एक टाका बदलू नका.

आणि पुन्हा पोटाशी अडले.

"आता काय घालू?" मी म्हटलं.

आमचे हे म्हणाले, "उकडे तांदूळ घाल. उगवायची भीती न्हाई."

मंजू म्हणाला, "अक्का, विमानात धान्याचा दाणा चालत न्हाई. उकडा न्हाई, भाजका न्हाई. तिथं कुत्री हुंगत्यात. वाकळ काढून घेतील."

वाकळच गेली तर काय? म्हणून मी पोट रिकामंच शिवलं. चाळीस वर्षांत म्हशीची वाकळसुद्धा मी उपाशी पाठवली नव्हती. हारुकोच्या हातात देताना सांगितलं, पोरी, हिच्या पोटात काही नाही, माफ कर. मंजूनं सांगितलं. ती दोन्ही हातांनी वाकळ घेऊन कमरेत वाकली. मिन्हो मागं उभा होता, तिची बॅग, त्याची बॅग आणि चिमटा घेऊन. तोही त्याच विमानात निघाला होता, तिच्या गावी. बेडकं बघायला, म्हणाला. मी म्हटलं, बघ हो बाबा, बेडकं.

नवरात्राच्या आसपास मंजू फोन घेऊन आला. फोटो होता. खिडकीत तो म्हातारा, गुडघ्यांवर माझी वाकळ. बोटानं मोठा करून बघितला, कारण मी आधी टाके बघते आणि माणूस नंतर. मधल्या चार चौकोनांतला एक उसवून पुन्हा शिवला होता. काळा जाड दोरा, टाके वेडेवाकडे, कोपरावरच्या ठिगळाला होते तसेच.

खाली हारुकोनं लिहिलं होतं, मंजूनं वाचलं. वडिलांनी विचारलं, पोटाचं काय झालं? मी सांगितलं उपाशी आहे. ते उठले, काठी न घेता, आणि गेल्या वर्षीचं शेवटचं भात आणलं. स्वतः घातलं, स्वतः शिवलं.

"उकडं न्हवं?" मी विचारलं.

मंजूनं विचारून घेतलं. "न्हवं. टरफलाचं. बियाण्याचं."

"अरे देवा. आणि कुठल्या चौकोनात? तपकिरीत न्हवं?"

मंजूनं फोटो पुन्हा मोठा केला. निळ्यात होतं. पातळ लुगड्याच्या निळ्यात.

मी म्हटलं, "मंजू, आत्ताच्या आत्ता कळव. कोरडी ठेवा म्हणावं. पावसात खिडकी लावून घ्या म्हणावं."

त्यानं लिहिलं. आम्ही दोघं फोनकडं बघत बसलो. आमचे हे अडकित्ता थांबवून बघत बसले. उत्तर आलं तेव्हा मंजूनं ते आधी स्वतःशी वाचलं आणि मग मोठ्यानं.

"बाबा म्हणत्यात, म्हाईत हाय. त्यांनी यंदा अंतर मोजून घातलंय."

आता ती वाकळ पुन्हा परत आली तर मी तिला परत आलेल्यांत मोजणार नाही. ह्यांनी तरव्यात कोपरा ठेवलाय.